आठवीतल्या मुलांना कॉलेज दाखवायला नेताना

ज्या घरातलं आजवर कुणी दहावीपुढे गेलेलं नाही, तिथल्या मुलाला कॉलेज म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसणारी कमान. आपल्याला आत सोडतात का, इथूनच शंका. म्हणून सातवी-आठवीतच त्यांना एक दिवस आत घेऊन जा. दहावीनंतर उशीर होतो; अनेक घरांत तोवर मुलीचं लग्न आणि मुलाचं काम ठरलेलं असतं.

१. कॉलेज तालुक्याचंच निवडा. पुण्या-मुंबईची भव्य इमारत मुलं बघतात आणि विसरतात. एसटीच्या पासवर रोज जाता येईल असं कॉलेज हवं. प्राचार्यांना पत्र द्या, राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. सोबतीला स्वयंसेवक तिथूनच मिळतात. तास चालू असतील असा दिवस धरा. ऊसतोडीच्या गावांत मात्र दिवाळीआधीच जा, नंतर निम्मी मुलं आईबापांबरोबर फडावर असतात.

२. आधी वस्तीवर बैठक घ्या, संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर. दोन-चार आयांनाही सोबत न्या. पुढे निर्णय त्या घरातच होणार आहे.

३. त्या दिवशी भाषणं ठेवू नका. पहिल्या वर्षी मी मुलांना दीड तास सभागृहात बसवलं. एकानंही प्रश्न विचारला नाही. पुढच्या वर्षी पाच-पाच मुलांमागे एक विद्यार्थी दिला, तोही शेतमजुराच्या घरातला, त्यांच्याच बोलीत बोलणारा. मग तोंडं उघडली. मेसमध्ये भाकरी मिळते का? हॉस्टेलवर रात्री भीती वाटते का? इंग्रजी नाही आलं तर हसतात का? प्रयोगशाळेत प्रत्येकाला सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा स्वतः बघू द्या. वाचनालय दाखवा, मुलींचं स्वच्छतागृहही दाखवा.

४. पैशाचं स्पष्ट बोला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात गरिबांची मुलं श्रम करून शिकली. ‘कमवा आणि शिका’ आजही अनेक कॉलेजांत आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी सरकार पैसे देतं: अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम योजना आहे. आणि आठवीतच एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते: पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाची निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. परतल्यावर त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे फॉर्मची चौकशी करा.

५. कागद आत्ताच शोधायला लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण प्रवेश अडतात ते इथेच. जातीचा दाखला आणि पुढे जात पडताळणीसाठी वडील-आजोबांच्या शाळेच्या नोंदी मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कार्यालयात जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, बघावं लागतं. त्यात महिनोन्महिने जातात. तुमच्या हाताशी अजून चार वर्षं आहेत.