पहिलं मशीन लर्निंग मॉडेल (डेटावरून शिकून अंदाज सांगणारा प्रोग्राम) बनवायला बसण्याआधी: प्रोग्रामरसाठी तयारीची यादी

पायथन, गिट, प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट हे तुम्हाला येतंच. पांडाज (तक्ते हाताळायची लायब्ररी) आणि सायकिट-लर्न (मॉडेल बनवायची लायब्ररी) टाकून घ्या. जीपीयूच्या, म्हणजे जड गणितं वेगाने करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या, मागे आत्ता लागू नका, काही हजार ओळींच्या तक्त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन (हो की नाही एवढं सांगणारं साधं मॉडेल) साध्या लॅपटॉपवरही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं. गणिताच्या भीतीने सहा महिने नुसती पुस्तकं वाचण्यातही घालवू नका. मॅट्रिक्सचा गुणाकार, डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, सरासरी, प्रमाण विचलन आणि थोडी संभाव्यता एवढं पक्कं असलं की सुरुवात करा. बाकीचं जिथे अडेल तिथे शिका.

डेटा असा घ्या की ज्या विषयातलं तुम्हाला स्वतःला कळतं. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ साली वापरलेल्या आयरिसच्या १५० फुलांच्या मापांवर एक संध्याकाळ पुरे. तो तक्ता फार स्वच्छ आहे, त्यात एकही रकाना रिकामा नाही. खऱ्या कामात निम्मा जीव या रिकाम्या रकान्यांपायीच जातो.

आता माझ्या पहिल्या मॉडेलच्या वेळी मी विसरलो होतो ती गोष्ट. मॉडेल ज्या ओळींवरून शिकतं तो ट्रेनिंगचा डेटा, आणि ज्या न पाहिलेल्या ओळींवर शेवटी त्याची परीक्षा घ्यायची तो टेस्टचा; ही वाटणी करून टेस्टचा डेटा सगळ्यात आधी बाजूला काढा. रिकाम्या जागा भरण्याआधी, स्केलिंगच्या (सगळे आकडे एका मापात आणण्याच्या) आधी, नवीन कॉलम बनवायच्या आधी. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलला हात लावू नका.

मी आधी सगळा तक्ता साफ केला आणि मग वाटणी केली. ग्राहक सोडून जाईल का, हे सांगणारं मॉडेल होतं. एजंटचा कोड नुसता आकडा म्हणून देण्यापेक्षा त्या एजंटचे किती टक्के ग्राहक सोडून गेले तो दर द्यावा, असं मला सुचलं. दर काढला पूर्ण तक्त्यावरून. पण बऱ्याच एजंटांकडे एकच ग्राहक होता. एजंट ४१७, ग्राहक एक, तो सोडून गेला, दर १.०. म्हणजे प्रश्नाशेजारीच उत्तर लिहिलेलं, आणि तेही टेस्टच्या ओळींमध्ये! अचूकता ९७ टक्के आली, मी ती सगळ्यांना दाखवली. नवे ग्राहक आल्यावर मॉडेलला काहीच ओळखता येईना. कारण सापडायला चार दिवस लागले. वाटणी आधी केली असती तर हा घोळ पहिल्याच दिवशी टेस्टच्या आकड्यात दिसला असता.

म्हणून पुन्हा सांगतो, वाटणी आधी. सरासरी काढायची ती फक्त ट्रेनिंगच्या ओळींवरून, स्केलर फिट करायचा तो फक्त ट्रेनिंगवर, टेस्टवर नुसतं ट्रान्सफॉर्म. हे हाताने सांभाळायला जाऊ नका, चूक होतेच. सायकिट-लर्नमधलं पाइपलाइन (साफसफाई ते मॉडेल या पायऱ्या एकत्र बांधणारं साधन) वापरा, मग क्रॉस-व्हॅलिडेशनच्या, म्हणजे ट्रेनिंगचेच तुकडे आळीपाळीने परीक्षेला ठेवण्याच्या, प्रत्येक फेरीतही ते बरोबर होतं. आणि वाटणी करणारं ट्रेन-टेस्ट-स्प्लिट हे फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, ओळी फेटून २५ टक्के टेस्टला देतं, हे लक्षात ठेवा. डेटा काळानुसार येत असेल तर फेटू नका, तारखेवर कापा. एकाच माणसाच्या अनेक ओळी असतील तर तो माणूस अख्खा एकाच बाजूला. वाटणी आधी, आणि मॉडेल उद्या ज्या परिस्थितीत चालणार तशीच.

मॉडेलच्या आधी एक आकडा काढून ठेवा: सगळ्यांना एकच उत्तर दिलं तर किती अचूकता येते. १०० पैकी ५ ग्राहकच जात असतील तर 'कोणीच जात नाही' म्हणणाऱ्यालाही ९५ टक्के अचूकता मिळते. अशा वेळी प्रिसिजन (मॉडेलने 'जाणार' म्हटलेल्यांपैकी खरंच किती गेले) आणि रिकॉल (गेलेल्यांपैकी मॉडेलने किती पकडले) पाहा.

नोटबुकमधले सेल (कोडचे तुकडे) मागेपुढे चालवले जातात, म्हणून रोज एकदा कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करून सगळं वरपासून चालवा. तक्त्यांसाठी मॉडेल निवडताना आधी रँडम फॉरेस्ट, मग ग्रेडियंट बूस्टिंग (दोन्ही अनेक निर्णयवृक्ष एकत्र करणाऱ्या पद्धती). न्यूरल नेटवर्क नंतर. लायब्ररींच्या आवृत्त्या लिहून ठेवा. सेव्ह करताना फक्त मॉडेल नको, अख्खं पाइपलाइन करा.

टेस्टची फाइल शेवटी, एकदाच उघडा आणि आलेला आकडा लिहून ठेवा. तो पाहून मॉडेलमध्ये बदल केलात तर ती फाइल टेस्टची उरली नाही, नवा डेटा आणावा लागेल.