उतारवयात पडू नये म्हणून या चुका टाळा

घरातलं कुणी ज्येष्ठ एकदा पडलं की सगळ्यांच्या तोंडी एकच सूचना असते, "आता कुठं जायचं नाही, एका जागी बसून राहा." ती काळजीपोटीच दिलेली असते, पण माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. चालणं थांबलं की मांड्यांची ताकद कमी होते, तोल बिघडतो आणि मग माणूस घरातल्या घरातही पडतो. त्यामुळे काम सोडायचं नाही, करायची पद्धत बदलायची.

बाथरूममधली नेहमीची चूक म्हणजे टॉवेलची दांडी धरून उठणं. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या हातात ती दांडी स्क्रूसकट निघून आली होती. ती टॉवेलचा भार पेलायला लावलेली असते, माणसाचा नाही. कमोडच्या शेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्के रोवलेले ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचे आधाराचे दांडे, बसवून घ्या. बुटका पाट काढा, त्यावरून उठताना गुडघ्यांची कसोटी लागते. हलकं प्लॅस्टिकचं स्टूलही नको, साबणाच्या पाण्यावर ते सरकतं. रबरी बुडाचं, साधारण गुडघ्याइतक्या उंचीचं स्टूल घ्या. पुण्यात बऱ्याच भागांत पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून बाथरूममध्ये भरलेल्या बादल्यांची रांग असते. त्या भिंतीकडेला सरकवा. भरलेली बादली उचलण्यापेक्षा नळाला पाइप लावणं बरं. आणि दाराला आतून कडी घालू नका. गरज पडली तर बाहेरून उघडता येईल असं कुलूप बसवा.

रात्री लघवीला जाण्याची घाई ही दुसरी मोठी चूक. झोपेतून एकदम उठलं की काहींचा वरचा रक्तदाब 20 किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर वळा, मग पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं बसा, पावलं वर-खाली हलवा आणि मगच उभे राहा. पलंगाशी हाताला येईल असं दिव्याचं बटण आणि वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा हवाच. झोपेच्या, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही चक्कर येते. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पिशवी एकदा डॉक्टरांपुढे ठेवाच.

जिना उतरताना बायफोकल चष्म्याच्या खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. मान थोडी वाकवून वरच्या भिंगातून बघा आणि एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवा. शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढलेला पाहिला. अंधाऱ्या जिन्यासाठी इतका स्वस्त आणि नेमका उपाय दुसरा नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढायचं काम तरुणांना द्या. रोजचे डबे कंबर ते खांदा या उंचीत आणून ठेवा.

बाहेर पडताना झिजलेली स्लीपर घालू नका. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ धरतं, तिथं मागून पट्टा असलेली, खाचांच्या तळाची चप्पल किंवा बूट हवेत. पीएमपीच्या, म्हणजे पुण्यातल्या शहर बससेवेच्या, बसमध्ये थांबा जवळ आला म्हणून आधीच उठून दाराशी जाऊ नका. बस थांबू द्या, कंडक्टरला आधी सांगून ठेवा. काठी घ्यायला लाजू नका. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि हात खाली सोडल्यावर तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर बगलेत हात घालून ओढून उभं करू नका. आधी दोन मिनिटं तसंच पडून राहू द्या, कुठं दुखतंय ते विचारा. मांडीच्या सांध्यात जोराची कळ येत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका. 108 ला फोन लावा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार बसला असेल, तर माणूस अगदी ठणठणीत बोलत असला तरी त्याच दिवशी, लगेच दवाखान्यात न्या.