स्पिरुलिना स्मूदी नेमकी कुठे बिघडते? या चुका टाळा

स्पिरुलिना म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, वाळवून पावडर केलेलं. त्याची स्मूदी एकदा केली, तळ्यासारखा वास आला, मग डबा कपाटात मागे गेला तो गेलाच, असं मी किती जणींकडून ऐकलंय. वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा पावडर चांगली असते, गडबड आपल्या हाताची असते.

पहिली चूक म्हणजे पहिल्याच दिवशी मोठा चमचा भरून टाकणं. अर्धा छोटा चमचा घ्या, आठवडाभर तेवढाच, पोट कुरकुरलं नाही तर मग एक. आणि प्रोटीनचा हिशोब नीट करा हं, पाकिटावर ६० टक्के लिहिलेलं असतं ते खरंय, पण छोटा चमचा भरतो जेमतेम ३ ग्रॅम, म्हणजे प्रोटीन दोन ग्रॅमच्याही आत, एका अंड्यात सहाच्या आसपास असतं. म्हणून सोबत दही किंवा भाजलेले शेंगदाणे घालाच.

गुठळ्या होतात? मिक्सरच्या भांड्यात आधी पावडर टाकली की ती पात्याखाली जाऊन चिकटून बसते. मी वाटीत दोन चमचे गार पाणी घेऊन चमच्याच्या पाठीने ती आधी कालवते, केशर खलतो ना तशी, मग भांड्यात दही-पाणी, त्यावर हे, सगळ्यात वर फळं. फिरवून झालं की झाकण काढून बघा, काठाला गडद हिरवी रेघ राहिलेली असते, ती खाली ढकला आणि परत दहा सेकंद फिरवा. गरम पाणी किंवा दूध अजिबात नको, निळसर रंग उडतो आणि वास अजून वर येतो.

वासाला नुसतं केळं पुरत नाही, आंबट हवंच. अननस, किंवा आंबा आणि वर लिंबू, आल्याचा छोटा तुकडा. डाळिंब-स्ट्रॉबेरीने चव बरी लागते पण रंग चिखलासारखा होतो, मुलं ग्लासला हात लावत नाहीत.

आता महत्त्वाचं. बी-१२ साठी यावर विसंबू नका, विशेषतः शाकाहारी असाल तर. यात जे असतं ते बहुतांश आपल्या शरीराला वापरताच येत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो) असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी विचारा, फिनाइलकीटोन्युरिया (प्रोटीनमधला एक घटक शरीराला पचवता येत नाही तो जन्मजात आजार) असेल तर घेऊच नका. आणि सुटी, बिनलेबलची पावडर स्वस्त मिळाली तरी नको, पाणी खराब असेल तर त्यात दुसऱ्या शेवाळाचं विष येऊ शकतं, ते यकृताला बाधतं.

करून ठेवू नका, लगेच प्या, पावडर तळाशी बसते. डबा घट्ट झाकणाचा, उजेडापासून लांब, चमचा कोरडा. पावसाळ्यात तर छोटं पाकीटच आणा.