आज्ञा, मोकळीक आणि रीत : वचनाला धरून रोजचा व्यवहार

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्याला नाव 'आज्ञा', दुसऱ्याला 'मोकळीक', तिसऱ्याला 'रीत'. ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या घरांतले आणि मंडळ्यांमधले (चर्चमधले) बरेचसे वाद या तिघांची सरमिसळ झाल्यानेच पेटतात. खोटे बोलू नका, ही आज्ञा. मांस खायचे की भाजीपाला, एखादा दिवस विशेष मानायचा की नाही, ही रोमकरांस 14 प्रमाणे मोकळीक. उपासनेत टाळ्या वाजवायच्या का, पांढरी साडीच नेसायची का, लग्नात बँड चालेल का, ही रीत. धुळ्यात एक असेल, नवापुरात दुसरी. रीत वाईट नसते. तिला उचलून आज्ञेच्या रकान्यात बसवले, की 'माणसांच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा सोडता' असे येशूने मार्क 7:8-13 मध्ये परूश्यांना जे सुनावले ते आपल्याला लागू होते. उलटा प्रकार जास्त चालतो: आज्ञा गैरसोयीची वाटली की हळूच मोकळिकीत सरकवायची. हुंडा मागणे आणि वजनात मारणे ही नेहमीची उदाहरणे.

वाचन

रकाने भरायचे तर वाचन सलग हवे. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक अध्याय वाचला, की बरोबर 52 आठवड्यांत तो पूर्ण होतो. शनिवार राहून गेलेल्या वाचनासाठी ठेवा. रविवारी संदेशाचा उतारा घरी पुन्हा वाचा. सुरुवात मार्कपासून करा, 16 अध्यायच आहेत. मग प्रेषितांची कृत्ये, मग पत्रे.

जुन्या करारात पुष्कळ जण उत्पत्ती झोकात संपवतात आणि निर्गमच्या 25व्या अध्यायापासून निवासमंडपाची मापे सुरू झाली की अडतात; लेवीयपर्यंत पोहोचतच नाहीत. इथे श्रद्धा कमी पडत नाही, क्रम चुकलेला असतो. उत्पत्ती, निर्गम 1 ते 20, अनुवाद हे पुस्तक, मग शमुवेलची दोन्ही पुस्तके असे वाचा. लेवीयला इब्री लोकांस पत्राबरोबर हात घाला, तेव्हा ते उलगडते. नीतिसूत्रांचे 31 अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचता येतात. आज 14 तारीख असेल तर चौदावा.

प्रत्येक अध्यायानंतर तीन ओळी लिहा: कोण कोणाला बोलतो आहे, आधी-नंतर काय घडते, आणि यातले काय कोणत्या रकान्यात जाते. घरात मावची, पावरी किंवा अहिराणी बोलत असाल तर तोच अध्याय त्या बोलीत घरच्यांना सांगा. जिथे सांगताना अडखळाल, तिथे आपल्यालाच कळलेले नाही असे समजा आणि परत वाचा. बायबल सोसायटीचे भाषांतर आणि पंडिता रमाबाईंचे भाषांतर शेजारी ठेवले तर अशा जागा लवकर सुटतात. वाचता न येणाऱ्यांसाठी मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण आहे. एकच अध्याय दोनदा ऐकवा, दोन अध्याय एकदा नको.

व्हॉट्सॲपवर सकाळी येणारी सुटी वचने हा वेगळाच विषय आहे. फिलिप्पैकरांस 4:13 (सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो) परीक्षेच्या निकालासाठी पाठवतात. आधीच्या दोन ओळींत पौल उपाशी राहण्याबद्दलही बोलतो आहे. यिर्मया 29:11 मधली आशा बंदिवासातल्या लोकांसाठी आहे आणि दहाव्या ओळीत त्यासाठी 70 वर्षे थांबायला सांगितले आहे. मत्तय 4:6 मध्ये सैतानानेसुद्धा स्तोत्र 91 मधले वचनच काढून दाखवले होते, मधला एक तुकडा गाळून. म्हणून नियम साधा ठेवा: आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओळी वाचल्याशिवाय वचन पुढे पाठवायचे नाही.

कानबाईचे रोट, वर्गणी आणि गंधमुक्ती

खानदेशात सर्वांत जास्त अडचण इथे होते, म्हणून थोडे सविस्तर. 1 करिंथकरांस 8 ते 10 हे तीन अध्याय एका बैठकीत वाचा. तुकड्याने वाचले तर हवे ते उत्तर निघते. त्यांत पौल तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवतो. मूर्तीच्या पूजेत भाग घेणे: नाही (10:14-22). बाजारात विकायला आलेले किंवा कोणी जेवायला बोलावून वाढलेले: खा, चौकशी करत बसू नका (10:25-27). पण कोणी 'हे देवाला वाहिलेले आहे' असे सांगितले: तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका (10:28).

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. शेजारून त्या निमित्ताचे रोटांचे ताट आले, तर ते कशाचे आहे हे सगळ्यांना माहीत असते. तिथे 10:28 लागू. त्याच शेजाऱ्याने आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी खायला बोलावले तर 10:27 आहे, निःसंकोच जा. नाही म्हणण्याची वेळ महत्त्वाची आहे. ताट दारात आल्यावर नकार दिला की अपमान होतो. आदल्या दिवशीच जाऊन सांगा: "मावशी, तुमच्या हातची भाकरी केव्हाही खाऊ, पूजेचं तेवढं नको, राग मानू नका." एवढे पुरे, त्यावर उपदेश जोडू नका. 1 पेत्र 3:15-16 मध्ये उत्तर सौम्यतेने द्यायला सांगितले आहे, आणि तेही कोणी विचारले तर. नाताळात फराळाचे ताट आधी त्याच घरी जाऊ द्या.

पाड्यावर वाघदेवाच्या कोंबड्या-बकऱ्याची वर्गणी निघते तेव्हा सरसकट हात आखडू नये. विहीर, रस्ता, शाळा, आजाऱ्याची गाडी यांसाठी इतरांइतकी किंवा थोडी जास्तच द्या, आणि बळीची वर्गणी कारभाऱ्यांना सांगून वगळा. जो गावाच्या कोणत्याच कामात पैसे काढत नाही, त्याने वाघदेवाच्या वर्गणीला नाही म्हटले तर लोक त्याला कंजूषच समजणार.

भाऊबंदांत मयत झाली तर जा, खांदा द्या, सामान आणा, रात्रभर बसा. पिंडाला हात लावू नका. गंधमुक्तीच्या (सुतक संपवण्याच्या विधीच्या) दिवशी पूजेचा भाग सोडून भेटायला जाता येते. रडणाऱ्यांबरोबर रडा, असे रोमकरांस 12:15 सांगते. 2 राजे 5:18-19 मध्ये अरामी सेनापती नामानाची अशीच अडचण आहे. त्याच्या धन्याला रिम्मोन देवाच्या देवळात हाताचा आधार द्यावा लागतो, आणि अलीशा संदेष्टा त्याला फटकारत नाही, 'शांतीने जा' म्हणतो. हा उतारा आपल्याकडच्या संदेशांत फारसा ऐकू येत नाही.

माप, मजुरी, उचल

कापसावर पाणी मारणे ही थेट आज्ञेच्या रकान्यातली गोष्ट आहे (लेवीय 19:35-36, नीतिसूत्रे 11:1). सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते आणि 12 टक्क्यांच्या वर घेत नाही. चार टक्के पाणी वाढवणे म्हणजे क्विंटलमागे साधारण चार किलो पाणी कापसाच्या भावाने विकणे. व्यापारी कटती मारतो, म्हणून आपण पाणी मारतो, हे उत्तर टिकत नाही. लूक 3:13 मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हटले, 'इतर काय करतात' असे विचारलेलेच नाही. वेचलेला कापूस दोन उन्हे दाखवून नेला तर ओलावा तसाही कमी होतो आणि फाट्यावर घासाघीस टळते.

मजुरी अनुवाद 24:15 प्रमाणे सूर्य मावळण्याआधी द्यायची. आठवड्याने देण्याचे ठरले असेल तर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्या. बाजार उलटून गेल्यावर दिलेल्या मजुरीतून त्या घरचे तेल-मीठ उधारीवर आलेले असते.

साक्री, नवापूर, नंदुरबारकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात तेव्हा महिनोन्‌महिने मंडळी सुटते. निघण्याआधी तीन कामे करा. पाळकांकडून त्या भागातल्या मंडळीचा पत्ता घ्या. ध्वनिमुद्रित नवा करार मेमरी कार्डात भरून घ्या, कारण पडावावर (तोडणीच्या मुक्कामावर) नेट आणि चार्जिंग दोन्हींची खात्री नसते. आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तारखेसह स्वतःच्या वहीत लिहा. पडावावर रविवारची सुट्टी मिळेलच असे नाही; रोमकरांस 14:5 पाहता त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नका. दोन-तीन घरांनी मिळून जेवणाआधी वीस मिनिटे बसा: एक स्तोत्र, मार्कचा अर्धा अध्याय, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. तासभराची सभा ठरवली तर तोडणीने थकलेली माणसे आठवड्यात गळतात.

संदेश तपासणे

बिरुयातले लोक पौलाचे बोलणेसुद्धा शास्त्रात रोज तपासत होते, आणि लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो (प्रेषितांची कृत्ये 17:11). तेव्हा पाळकांना प्रश्न विचारणे म्हणजे बंड नव्हे. ऐकलेला दावा एका वाक्यात लिहा, आधाराचे वचन विचारा, पूर्ण अध्याय वाचा, मंडळीतल्या दोन वडिलांशी (ज्येष्ठ पुढाऱ्यांशी) बोला. भविष्यवाणी खोटी ठरली तर अनुवाद 18:22 वाचा. खरी ठरली तरी अनुवाद 13:1-3 (तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नका) वाचायचे राहते, आणि हेच लोक विसरतात.

तेलाच्या बाटलीला किंमत लावली असेल तर तिथून उठा. याकोब 5:14 मध्ये आजारी माणूस वडिलांना बोलावतो, वडील घरी येतात, मंच नाही आणि देणगीची पेटीही नाही. प्रार्थनेनंतर औषध बंद करायला सांगणारा माणूस धोकादायक आहे. साध्या क्षयरोगाची औषधे सहा महिने चालतात आणि मध्येच सोडली तर जंतू त्यांना दाद देईनासे होऊ शकतात. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांच्याही गोळ्या थांबवायच्या नसतात. साप चावला तर मार्क 16:18 म्हणत बसू नका, दवाखान्यात पळा. देवाची परीक्षा पाहू नको, हे येशूने मत्तय 4:7 मध्येच सांगितले आहे. आणि वैद्याची गरज दुखणाइतांना असते, हेही त्याचेच बोलणे (मत्तय 9:12).

दशांश

शेतकऱ्याने दर रविवारी हिशोब करण्यात अर्थ नाही; हंगामाला करा. 40,000 आले, बियाणे-खत-मजुरीचे 22,000 गेले, 18,000 उरले, तर 1,800. खर्च वजा करायचा की नाही हा मोकळिकीचा प्रश्न आहे, त्यावरून कोणाला हिणवू नका. मंडळीचे पैसे मात्र एकाच माणसाने मोजू नयेत. पौलाने 2 करिंथकरांस 8:19-21 मध्ये देणगी नेताना सोबत माणसे घेतली ती याचसाठी. दोघांनी मोजावे, दोघांच्या सह्या, आकडा त्याच दिवशी फळ्यावर.

बांधावरून किंवा बोलण्यावरून बिनसले तर

मत्तय 18:15-17 चा क्रम मोडू नका. पहिली भेट एकट्याने, त्याच्या घरी, महिला मंडळात किंवा तरुण संघाच्या ग्रुपवर विषय जाण्याआधी. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्या. ते आपले मेहुणे नसावेत. मगच मंडळी. बहुतेक ठिकाणी पहिली पायरी गाळून थेट तिसरी गाठतात आणि दोन तट पडतात. 'दोघे-तिघे जमतात तिथे मी आहे' हे वचन याच उताऱ्यातले आहे, कमी हजेरीच्या सभेचे सांत्वन म्हणून ते आलेले नाही. शेवटच्या पायरीवरही ऐकले नाही तर त्याला विदेशी व जकातदारासारखा मानायचा, म्हणजे प्रभुभोजन आणि मंडळीतले काम थांबवायचे. त्याच्या शेताचे पाणी अडवायचे नाही, आणि घरात दुखणे आले तर विचारपूस करायला जायचेच.