औषध टाकायच्या आधी दोन कल्ले स्पिरिटच्या बाटलीत घ्या – परतीच्या पावसातला मत्स्यसल्ला

परतीचा पाऊस चालू झालाय, शेततळी काठोकाठ भरलीत, आणि नेमके याच दिवसांत फोन यायला लागतात. मासे कडेला येतायत, प्लास्टिकला अंग घासतायत, कल्ले पांढरट पडलेत, वर चिकट शेंबडासारखं आलंय, काय टाकू सांगा. मी विचारतो तडफडणारा एखादा मासा काढून ठेवलाय का, तर उत्तर ठरलेलं, मेलेले सगळे फेकले आणि औषध कालच टाकलं. इथंच हातचं जातं, कारण कल्ल्यात कोणता कृमी आहे ते तपासायला नमुनाच उरत नाही. चार-पाच वर्षं हेच बघतोय, म्हणून या वेळी पाऊस थांबायची वाट न बघता लिहितोय.

गेल्या वर्षी इंदापूरकडच्या एका तळ्यावर गेलो होतो. कटला, रोहू आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) एकत्र सोडलेले. दुकानदाराने आधी माशाच्या उवा मारायची बाटली दिली. फरक पडेना म्हणून जंताची दिली, मग झिओलाइट, मग प्रोबायोटिक, आणि दर वेळी बिल आधीच्यापेक्षा मोठं. उवांच्या बाटलीत बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिनच्या जातीचं औषध असतं, ते उवांवर चालतं कारण ऊ ही कोळंबीच्या गोतातली, कल्ल्यातला चपटा कृमी वेगळाच प्राणी आहे, त्याला त्याचं काही वाटत नाही. शेवटी त्या भावाने दोन मासे तपासायला नेले, पण फॉर्मॅलिनमध्ये (नमुना सडू नये म्हणून वापरतात ते रसायन) बुडवून. मायक्रोस्कोपखाली कल्ल्याचा कृमी आहे एवढं दिसलं, पण नेमकी जात कोणती ते कळायची वाट बंद झाली, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो, वाचता येत नाही. अर्धं तळं गेलं आणि कशाने गेलं ते आजही सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल जात कळून आम्हाला काय करायचंय, कृमी तो कृमीच. तसं नाही.

कल्ल्यात मुख्य दोन सापडतात. एक डॅक्टिलोगायरस, तो अंडी घालतो, आणि अंड्यावर औषध चालत नाही. उबदार पाण्यात ती अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, म्हणजे सोमवारी औषध टाकून मासे बरे दिसले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दुसरा गायरोडॅक्टिलस, तो थेट पिल्लंच देतो, अंडी नाहीत, एक डोस नीट बसला तर काम होतं. एवढा फरक साध्या मायक्रोस्कोपखाली कळतो (पहिल्याच्या डोक्यावर चार काळे ठिपके, दुसऱ्याच्या पोटात पिल्लू दिसतं), त्याला डीएनए लागत नाही. डीएनए लागतो पुढच्या प्रश्नाला. डॅक्टिलोगायरसच्या बहुतेक जाती आपापल्या माशाला धरून असतात, सायप्रिनसवरचा सहसा रोहूवर जात नाही. सायप्रिनसवर नेहमी सापडणाऱ्या दोन जाती, एक्सटेन्सस आणि व्हास्टेटर, आणि व्हास्टेटर लहान पिल्लांना फार छळतो. म्हणजे रिपोर्टमध्ये व्हास्टेटर आला तर समजायचं सायप्रिनसच्या बियाण्याबरोबर (आणून सोडलेल्या पिल्लांबरोबर) आलाय, पुढच्या वर्षी ते बियाणं तिथून घ्यायचं नाही, आणि आत्ता रोहू-कटल्यासाठी घाबरून अख्ख्या तळ्यात महागडं औषध ओतायची गरज नाही. नुसत्या नावातून एवढं मिळतं.

मरळ करणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. मांसात किंवा कल्ल्याजवळ पिवळ्या गाठी येतात, आत अळी गुंडाळलेली असते, बहुतेक क्लिनोस्टोमम गटातली. ही बाल्यावस्था, अवयव पूर्ण झालेले नसतात, त्यामुळे बघून जात सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. मोठा कृमी राहतो बगळ्याच्या घशात. गाठीतल्या अळीचा डीएनए आणि बगळ्यातल्या कृमीचा डीएनए जुळला की कळतं कोण कुणाचं पिल्लू, आणि मग मधली गोगलगाय (माशात शिरण्याआधी अळी जिच्यात वाढते ती) कोणती तेही शोधता येतं. या गाठींवर पाण्यात टाकायचं कुठलंही औषध नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका. गोगलगाई वेचा, काठचं गवत-शेवाळ काढा, तळ्यावर जाळी टाका.

लहान बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सुकत चालली, पोट फुगलं आणि आत पांढऱ्या फिती निघाल्या तर पट्टकृमी. गवत्याच्या (ग्रास कार्पच्या) बियाण्याबरोबर जगभर गेलेला आशियाई पट्टकृमी म्हणून प्रसिद्ध आहे तो जपानमध्ये १९३४ साली नोंदला गेला, आणि डीएनए बघून २०१५ मध्ये त्याला दुसऱ्याच प्रजातीत (जीनसमध्ये) नेऊन बसवला. तो सायक्लॉप्समधून (पाण्यात तरंगणारा, पिल्लं खातात तो बारीक जीव) पिल्लांच्या पोटात जातो, म्हणून नर्सरी तळ्यात सायक्लॉप्स माजू देऊ नका.

आणि नमुना खराब ठेवला की काय होतं ते बघा. देशी मांगूरच्या आतड्यातल्या पट्टकृमींच्या एका गटाला आपल्या देशात पन्नासच्या वर जातींची नावं दिली गेली होती, पुढे नीट तपासलं तर त्यातल्या आठच खऱ्या निघाल्या. बरीच नावं सडलेले, आकसलेले नमुने बघून पडली होती. शिकलेल्या माणसांचं असं होतं तर मग बाटली बघून जात ओळखणाऱ्या दुकानदारावर किती विसंबायचं.

तर परत तेच सांगतो, आधी नमुना मग औषध. कसा घ्यायचा ते नीट वाचा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

मासा जिवंत किंवा नुकताच मेलेला पाहिजे. रात्री मेलेल्या माशाच्या कल्ल्यातले कृमी सकाळपर्यंत गळून विरघळतात, मग काहीच सापडत नाही आणि लोक म्हणतात रोग नव्हता. कल्ला कापून लगेच इथेनॉलमध्ये (मी स्पिरिट म्हणतोय ते हेच), किमान ९५ टक्के पाहिजे. देशी दारू चालणार नाही, तिच्यात अर्ध्याहून जास्त पाणी असतं. कल्ल्याच्या दहापट तरी स्पिरिट घ्या आणि दुसऱ्या दिवशी ते ओतून नवीन भरा, कारण कल्ल्यातलं पाणी त्यात उतरतं. माशाची प्रत्येक जात वेगळ्या बाटलीत, रोहूचा आणि सायप्रिनसचा कल्ला एकत्र केला तर रिपोर्टचा उपयोग शून्य. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते. चिठ्ठीवर गाव, तारीख, माशाचं नाव, बियाणं कुठून आणलं. बाटली उन्हात नको, फ्रीजमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनची एक बाटली वेगळी केली तर हरकत नाही, कल्ल्याची जखम बघायला तीच लागते, पण एकच करणार असाल तर स्पिरिटची करा.

उदगीर, नागपूर आणि रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, आधी फोन करून जवळच्या ठिकाणी न्या. २०२३ पासून रिपोर्ट फिश डिसीज नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यावर फोटोसकट कळवता येतं. डीएनएच्या रिपोर्टला वेळ लागतो, तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही, बाटली भरली की त्याच दिवशी उपचार सुरू करा.

उपचार:
– बाधित बोटुकली वेगळ्या टाकीत, हवा चालू ठेवून, खडेमीठ लिटरला २० ते ३० ग्रॅम, ३ ते ५ मिनिटं. मासा कलंडला की लगेच साध्या पाण्यात.
– तळ्यात फॉर्मॅलिन १५ ते २५ पीपीएम, म्हणजे १,००० लिटरला १५ ते २५ मिली. ढगाळ दिवशी, पाणी गर्द हिरवं असताना किंवा पहाटे मासे वर येत असताना अजिबात नाही, ऑक्सिजन खाली जातो आणि रोगापेक्षा जास्त मासे औषधाने मरतात.
– डॅक्टिलोगायरस दिसला असेल तर पाच ते सात दिवसांनी दुसरी फेरी.
– प्राझिक्वांटेल (कृमींवरचं औषध) मत्स्यतज्ज्ञाने लिहून दिल्याशिवाय नाही.

नेहमीची कामं:
– मेलेले मासे रोज काढून चुन्यात पुरणे
– खाद्य अर्ध्यावर आणणे
– एका तळ्याचं जाळं दुसऱ्यात न वापरणे, उन्हात वाळवणे
– नवीन बियाणं दहा-पंधरा दिवस वेगळं ठेवणे
– आठवड्यातून एकदा पाच माशांचे कल्ले उघडून बघणे

हा माझा अनुभवाचा अंदाज, पुस्तकात मिळणार नाही. सलग तीन दिवस आभाळ भरून राहिलं आणि चौथ्या दिवशी ऊन पडलं की त्या सकाळी कल्ले बघाच, आमच्या पट्ट्यात तक्रारी नेमक्या त्यानंतरच सुरू होतात. आणि पाणी आत येतं त्या तोंडाशी मासे गोळा झालेत म्हणजे नुसता ऑक्सिजन कमी आहे असं धरून चालू नका, दोन मासे धरून आधी कल्ला उचलून बघा.

या आठवड्यात पाऊस आहे, औषध तसंही टाकता येणार नाही. तेवढ्यात दोन छोट्या झाकणाच्या बाटल्या, स्पिरिट, कात्री आणि पेन्सिल एका पिशवीत घालून मोटारीच्या खोलीत टांगून ठेवा.