बडोद्याहून कोकण किनाऱ्यावर शिडाच्या होडीने: निघण्याआधीची तयारी

पहिली तयारी बडोद्याजवळच होते. एका रविवारी गाडी काढून खंभातच्या आखाताकाठच्या कावी-कंबोईला जाऊन यावे. स्तंभेश्वराचे देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ओहोटीला पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचे आणि भरती चढेपर्यंत काठावर बसून राहायचे, असे फार थोडे लोक करतात. खंभातच्या आखाताएवढी भरती कोकणात नसते. तरी नांगर टाकायची जागा ठरवताना पाण्याची ही चढउतार डोळ्यांसमोर असली पाहिजे, आणि ती नकाशा बघून येत नाही.

मग पंचांग काढावे. तिथीला पाऊणने गुणले की मुंबईच्या आसपासच्या भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे, भरतीचे छापील कोष्टक जवळ हवेच. पण कोष्टक वाचताना चूक झाली तर तिथी सांगते. मागे एकदा आम्ही दुपारी दीडला एका खाडीत शिरलो. पाणी 4 मीटर, होडीचे पोट दीड मीटर खाली. नांगर टाकला, जेवलो, आडवे झालो. सहाच्या सुमाराला स्टीलचा पेला फळीवरून आपोआप सरकत आला आणि माझ्या कानाशी थांबला. होडी चिखलात बसून एका कुशीवर कलत होती. त्या दिवशी पौर्णिमेनंतरची द्वितीया होती, म्हणजे उधाण. दोन गुणिले पाऊण दीड, म्हणजे आम्ही नेमके ऐन भरतीला पोचलो होतो. पाणी 3 मीटर उतरले. रात्री नऊला पुन्हा तरंगलो, तोवर चहासुद्धा तिरकाच बसून प्यायलो.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोन बेरजा लिहून ठेवाव्यात. सर्वांत खाली किती पाणी उरेल, ही पहिली. दुसरी साखळीची: आता 4 मीटर, अजून 2 चढणार, होडीचे नाक पाण्यापासून 1 मीटर वर, एकूण 7. साखळी असेल तर पाचपट, म्हणजे 35 मीटर सोडायची. दोरी असेल तर सातपट. खाली चिखल किंवा वाळू हवी, खडकावर नांगर धरत नाही. नाखवा खोली ‘वावां’त सांगतो तेव्हा बडोद्याच्या खारीवाव रोडवाल्यांनी पायऱ्यांची विहीर (गुजराती ‘वाव’) शोधू नये, पसरलेल्या दोन हातांची ती लांबी, साधारण सहा फूट.

आता मुक्काम. हे घरी टेबलावरच ठरवायचे, आणि प्रत्येक दिवसाला दोन जागा लिहायच्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारी वायव्येचा खारा वारा उठतो. दक्षिणेकडे जाताना दोन्ही सोयीचे. होडीचा प्रवास मुंबईपासून, तिथवर रेल्वेने. मुंबईहून मुरूड साधारण 40 सागरी मैल, ताशी 5 धरले तर आठ तास. पहाटे निघालात तर उजेडात जंजिऱ्याच्या आत राजपुरीच्या खाडीत पोचता. तिथून जयगड मात्र साठेक मैल, एका दिवसात होत नाही. मधल्या बाणकोट आणि दाभोळच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. चढत्या पाण्यात आणि माहितगार सोबत असेल तरच आत शिरावे. वारा मवाळ असेल तर मी हर्णैला सुवर्णदुर्गाजवळ, तिथल्या तांडेलाला (मच्छीमार होडीच्या प्रमुखाला) विचारून, थांबणे पसंत करीन. जयगडला शास्त्रीच्या मुखात आणि विजयदुर्गला वाघोटनच्या खाडीत शिरलात की झोप लागते. अंधार पडल्यावर अनोळखी खाडीत शिरायचे नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. वाटेत जाळ्यांचे खुंट असतात आणि त्यांवर दिवा असेलच असे नाही.

नांगर टाकल्यावर होडी इंजिनाने हळू मागे खेचावी आणि साखळीवर तळहात ठेवावा. नांगर धरला असेल तर साखळी ताठ होऊन शांत राहते. घसरत असेल तर हाताला खरखर लागते. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात, बुरूज आणि मागचे माडाचे झाड, आणि तासाभराने पुन्हा बघाव्यात. रात्री चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा लावायचा. मोबाइलचा गजर लावून पाळ्या कराव्यात.

बाकी सामान थोडक्यात: माणशी एक जीवरक्षक जाकीट, व्हीएचएफ रेडिओ संच 16 नंबरच्या वाहिनीवर चालू, तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक वहीत, सर्वांची ओळखपत्रे प्लॅस्टिकमध्ये (सागरी पोलीस विचारतात), दुसरा नांगर, पिण्याचे पाणी माणशी दिवसाला 4 लिटर. निघण्याच्या आदल्या रात्री इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा इशारा बघावा. इशारा असेल तर गाडीचे तिकीट रद्द करावे, पैसे गेले तर गेले. परतीला वारा तोंडावर येतो, त्यामुळे होडी मालकाच्या माणसांकडे सोडून आम्ही रेल्वेने येतो.

खाऊत बडोद्याचा लीलो (हिरवा) चिवडो भरपूर घ्या. शेव-उसळीचा हट्ट मात्र नको. मागच्या वेळी कोणीतरी डबा आणला होता, तर्री अजून माझ्या शिडाच्या पिशवीवर आहे.