फोल्डरवर युजरला प्रत्यक्षात कोणते अधिकार आहेत?

विंडोज सर्व्हरवर फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड असं जा. ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ टॅबमध्ये युजर निवडून अधिकार पाहा. सगळ्या ग्रुपांचे अधिकार एकत्र धरलेले दिसतात.

गफलत होते ती डिनायमध्ये, म्हणजे अधिकार नाकारणाऱ्या नोंदीत. डिनाय नेहमीच वरचढ, हा समज चुकीचा आहे: फोल्डरवर थेट दिलेला अलाऊ (परवानगी) हा वरच्या फोल्डरकडून आलेल्या डिनायवर मात करतो.

फोल्डर नेटवर्कवरून उघडताना शेअरचे (फोल्डर नेटवर्कवर खुला करताना दिलेले) अधिकारही तपासा. हे आणि सिक्युरिटी टॅबमधले, म्हणजे एनटीएफएसचे (विंडोजच्या फाइल सिस्टिमचे) अधिकार, या दोन्हींत जे कडक, तेच लागू. एनटीएफएसवर मॉडिफाय (बदल करण्याचा अधिकार) आणि शेअरवर फक्त रीड असेल, तर फाइल सेव्ह होणार नाही.

युजरला नुकतंच ग्रुपमध्ये घातलंय? मग त्याला लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगाच. ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळी टोकनमध्ये, म्हणजे विंडोज युजरसाठी बनवतं त्या ओळखपत्रात, भरली जाते. तोवर टॅबमध्ये अधिकार दिसतील, पण फोल्डर उघडणार नाही.